नवव्या खिडकीची फुली

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे, मित्रांनो. हिरव्या रंगावर पांढरी फुली, वर दोन भोकं आणि एक कोपरा दुमडलेला. केस्लर गावच्या बेसबॉल मैदानावर उजव्या कुंपणापाशी जो लाकडी धावफलक आहे, त्याच्या पोटात माझा मुक्काम असतो. माझ्या आकड्यांच्या भावंडांना प्रत्येक सामन्यात काम मिळतं. शून्याला तर उसंत नाही. आमच्या संघाने त्याला कधी निवांत बसूच दिलेलं नाही.

माझं काम वेगळं. आमच्या खेळात पाहुणे आधी खेळतात, घरचे नंतर. पाहुण्यांचा नववा डाव आटोपला आणि तरीही घरचे पुढे असले, तर घरच्यांना नववा डाव खेळायची गरजच उरत नाही. मग शेवटच्या खिडकीत आकडा लागत नाही, मी लागते. तुमच्या वहीत फुली आली की तुमचं तोंड उतरतं. इथे फुली लागली की म्हातारी माणसंसुद्धा टोप्या उडवतात.

मला व्हर्लने बनवलं. तो धान्याच्या कोठारात कामाला होता आणि हा फलक हौसेने, फुकट सांभाळायचा. कोठाराच्या छताचा जुना पत्रा कापून त्याने माझ्या कडा घासल्या आणि दोन हात रंग दिला. तेव्हा संघ चांगला होता. उन्हाळाभर मी खिडकीत झळकायचे आणि व्हर्लची बायको लोरेन खालून टाळ्या वाजवायची. ते दिवस आठवले की अजून जीव हळहळतो.

मग तो बुधवार आला. बुधवारी दुपारी आमच्या गावची दुकानं बंद असतात आणि मैदानावर दिवे नाहीत, म्हणून महत्त्वाचे सामने त्याच दुपारी होतात. समोर डनमोरचा संघ, अजिंक्यपदाचा सामना. आम्ही एका धावेने पुढे होतो. त्यांचा नववा डाव चालला होता, दोघे बाद झाले होते, तिसरा झाला की डाव संपणार होता, पण दोघे धावेसाठी टपून उभे होते. तेवढ्यात चेंडू उंच उडाला आणि आमच्या संघातल्या एमेटच्या अगदी हातात येऊ लागला. व्हर्लला धीर धरवला नाही. चेंडू हवेत असतानाच त्याने मला खिळ्याला अडकवलं. लोकांनी एकच ओरडा केला. चेंडू एमेटच्या हातमोज्याला लागून खाली पडला.

त्यांनी दोन धावा काढल्या आणि ते पुढे गेले. आमच्या डावात काहीच झालं नाही, आणि सगळ्यांच्या देखत व्हर्लला मला काढून तिथे शून्य लावावं लागलं.

एमेट म्हणाला, "लोक फुली बघून ओरडले. मला वाटलं, संपला सामना." गावाने ते मान्य केलं. व्हर्ल न्हाव्याकडे गेला की न्हावी विचारायचा, "केस आधी कापू, की फुली आधी लावू?" व्हर्लही हसायचा. पण त्यानंतर तीस वर्षं त्याने मला लावलं नाही. आम्ही जिंकलो तरी ती खिडकी तो रिकामी ठेवायचा. मी पेटीच्या तळाशी पडून वर टाळ्या ऐकायचे.

गेल्या हिवाळ्यात व्हर्ल गेला. या मोसमात फलक लोरेनने सांभाळला. येत्या शनिवारी ती टूसॉनला लेकीकडे कायमची राहायला जाते आहे. आजचा सामना तिचा शेवटचा. मला एकदा त्या खिडकीत लागलेलं बघावं, एवढंच तिच्या मनात आहे.

आणि आज समोर कोण, तर डनमोर! त्यांनी एकवीस सामन्यांत एकोणीस जिंकलेत. आम्ही तीन जिंकलो, तेही परगावी. त्यांचा चेंडू फेकणारा पोरगा वीस वर्षांचा आहे, त्याचे चेंडू झेलून साथीदाराचा तळवा सुजतो. आमचा लेलँड एकेचाळीस वर्षांचा, ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि तिसऱ्या डावानंतर खांदा चोळू लागतो.

आज सकाळी लोरेन फलकाच्या आत स्टुलावर बसून मला साबणाच्या पाण्याने पुसत होती. तेवढ्यात एमेट आला. आता तो मैदानाचं गवत कापतो. हातात छोटा रेडिओ होता.

"ऐकलंस का? रेडिओवाला म्हणतो, डनमोरवाल्यांनी रात्रीच्या जेवणाला घरी सांगून ठेवलंय. लवकर संपणार म्हणे," एमेट म्हणाला. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "लोरेन, ती आत ठेव. आज तरी अपशकुन नको."

"का? दहा धावांनी हरणार होतो, ते बाराने हरू."

"व्हर्लला आवडलं नसतं."

"दर वसंतात हिला बाहेर काढून तेल लावायचा तो. त्याला वाटायचं, मला ठाऊक नाही."

एमेटने रेडिओ बंद केला. तो टोपीची कड चाचपू लागला.

"ऊन होतं," तो म्हणाला.

"कधी?"

"त्या दिवशी. सरळ डोळ्यांत. मला चेंडू दिसलाच नाही, लोरेन. लोक ओरडले ते ऐकूसुद्धा आलं नाही. मग सगळे व्हर्लकडे बघायला लागले, आणि मी बघू दिलं."

मित्रांनो, हे मला ठाऊक होतं. मी वरून पाहिलं होतं, त्याने डोळ्यांवर आडवा हात धरला होता. पण पाटीला कुठलं तोंड?

लोरेन माझा तोच कोपरा पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

"दर रविवारी तुझ्याकडे पत्ते खेळायला यायचा तो," ती म्हणाली.

"हो."

"तीस वर्षं, एमेट."

"माहीत आहे."

तिने मला मांडीवरून उचललं. "नवव्या खिडकीचा खिळा गंजलाय. नवा ठोकून दे."

एमेट गेला आणि हातोडी घेऊन आला. खिळा ठोकल्यावरही तो घरी गेला नाही. लोरेनने त्याच्यासाठी दुसरं स्टूल पुढे सरकवलं, पण नजर आकड्यांच्या पेटीवरच ठेवली.

आज आम्ही हरण्याचीच शक्यता जास्त आहे. आयुष्य आकड्यांच्या संगतीत गेलं, एवढं मलाही कळतं. तरी माझं एक ऐका. तुमच्या जुन्या वस्तू पेटीच्या तळाशी टाकू नका, वर्षातून एकदा तरी हातात घ्या. कुठल्या पाटीला किंवा माणसाला अपशकुनी म्हणण्याआधी विचारा, त्या वेळी ऊन कुठे होतं. आणि ते तुम्हालाच ठाऊक असेल, तर माणूस जिवंत आहे तोवर सांगा.

लेलँडने पहिला चेंडू टाकला. लोरेनने मला पेटीत ठेवलं नाही, आपल्या स्टुलाला टेकवून उभं केलं. शेजारी एमेटने फटीतून बाहेर बघत डोळ्यांवर आडवा हात धरला. मी नव्या खिळ्याकडे बघते आहे.