काचेच्या मुठीतली बाई

दुसऱ्या महायुद्धातलं जुनं रिव्हॉल्वर विकायला बसलेल्या माणसाच्या तोंडून आधी गोष्ट बाहेर पडते आणि मग किंमत. ऑरिन टिफ्टचा नियम असा, की गोष्ट संपेपर्यंत आपण चष्मा पुसत राहायचं आणि मग फक्त लोखंडाचे पैसे द्यायचे. इंडियानातल्या त्या जत्रेच्या मैदानावर, गुरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, दर वसंतात शस्त्रांचा बाजार भरे. तिथे त्याने हा नियम इतक्यांना शिकवला होता, की लोक त्याला ‘गुरुजी’ म्हणत. गुरुजींनी स्वतः लढाईत काय केलं, हे कोणी विचारत नसे. कॅलिफोर्नियाच्या कोठारात बटाट्यांची पोती मोजली, हे त्यांनीही आपणहून कधी सांगितलं नव्हतं.

त्या शनिवारी लायलने त्याला बाहीला धरून डिलार्ड नावाच्या विक्रेत्याच्या टेबलाशी नेलं. लायल हा त्याचा वीस वर्षांपासूनचा बाजारातला सोबती. निवृत्त पोस्टमन, बिनलग्नाचा, आणि कुठल्याही गोष्टीला लगेच विरघळणारा.

“नऊशे डॉलर म्हणतोय,” लायल म्हणाला. “तू हो म्हण, मी घेतो.”

टेबलावर नौदलाच्या वैमानिकांना देत असत ते राखाडी रिव्हॉल्वर होतं. पण मुठीला लाकूड नव्हतं. पडलेल्या विमानाच्या काचेचे तुकडे घासून मुठीला बसवायचे आणि आत आपल्या मैत्रिणीचा फोटो सरकवायचा, असा चाळा त्या लढाईत पोरं करत. असं एखादं अस्सल मिळालं तर किंमत तिप्पट होई. त्यामुळे हल्ली ती जरा जास्तच मिळू लागली होती.

डिलार्ड मिशीवर हात फिरवत सुरू झालाच होता. “हिचं नाव लोरेन. नेब्रास्काची. पोरगा हिला मुठीत घेऊन बेटाबेटांवर उडाला. शेवटी विमान समुद्रात गेलं, पोरगा गेला. हे तेवढं किनाऱ्याला लागलं.”

“पोहत आलं असेल,” ऑरिन म्हणाला.

भोवतीचे चार-पाच जण हसले. ते त्यासाठीच जमले होते. ऑरिनने मूठ उजेडात धरली. “कमरेच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं घासलेल्या काचेवर ओरखडे वाटेल तसे पडतात. हे बघा, सगळे एका दिशेचे. सँडपेपर. पिवळेपणा आलाय तो चहाचा. लायल, ही काच कोणाच्या तरी गॅरेजमध्ये गेल्या वर्षी जन्मलीय. आणि पोरगी लिलावातली. जुन्या फोटोंचे डबे कोणी घेत नाही, हे लोक ढिगाने उचलतात. कात्री कशी चाललीय ते दाखवतो.”

त्याने खिशातलं भिंग काढून फोटोवर धरलं, आणि बोलायचा थांबला.

पोरगी उन्हाने डोळे बारीक करून हसत होती. कॉलरला टिनचा कोंबडा टाचलेला होता, शेपटीचं एक पीस मोडलेला. तो कोंबडा ऑरिनने याच मैदानावर कड्या फेकून जिंकला होता, लढाई संपून दोन उन्हाळे झाल्यावर. व्हर्नाच्या कॉलरला लावताना त्याच्याच हातून पीस मोडलं होतं. फोटोत तिच्या खांद्यावर कोणाची तरी बोटं होती. बोटांचा मालक मुठीच्या आकारात मावला नसावा, म्हणून कापून टाकला होता. करंगळी वाकडी होती.

व्हर्ना जाऊन दोन वर्षं झाली होती. घर विकताना लेकीने विचारलं होतं, पोटमाळ्यावरच्या डब्यांचं काय करू? “आधी माझ्या कपाटाकडे बघ,” ऑरिन म्हणाला होता. एकेक रिव्हॉल्वर फ्लॅनेलमध्ये गुंडाळून नव्या घरी गेलं. डबे लिलाववाल्याच्या ट्रकमध्ये. त्याच्याकडे राहिलेल्या दोन-तीन फोटोंत व्हर्ना आजारी होती. तरुण व्हर्ना त्याला आता आठवेनाशी झाली होती. डोळे मिटले की दवाखान्यातलीच समोर यायची.

तरीही आधी बोलला तो त्याच्यातला गिऱ्हाईकच. “खोटं आहे, पण लोखंड बरं आहे. तीनशे देतो.”

डिलार्डने रिव्हॉल्वर त्याच्या हातातून काढून घेतलं. “तुम्हाला नाही. तीन हजार दिलेत तरी नाही. सकाळची भवानी बुडवलीत, काका.”

“ती माझी बायको आहे,” ऑरिन म्हणाला.

हशा पिकला. लायल सगळ्यांत मोठ्याने हसला. “भाव पाडायला बायको काढली, गुरुजी? अरे, व्हर्नाच्या हातचा केक वर्षानुवर्षं खाल्लाय मी. ही कुठली व्हर्ना?” त्याने पाहिली होती ती साठीची, जाड भिंगाच्या चष्म्याची. “कागद आहे का काही? गोष्टीचे पैसे द्यायचे नाहीत, हे कोणी शिकवलं आम्हाला?”

ऑरिनने आपला डावा हात टेबलावर ठेवला. वाकडी करंगळी अंथरलेल्या कापडावर टेकली.

डिलार्डने हाताकडे पाहिलं, मग फोटोकडे पाहिलं. त्याला उमगलं, हे ऑरिनला दिसलं. पण कबूल करायचं तर टेबल गुंडाळून घरी जावं लागलं असतं.

“त्या पोराचीही करंगळी वाकडी होती,” डिलार्ड म्हणाला. “त्याच्या आईनेच सांगितलं मला.”

लोक पुन्हा हसले आणि पांगले. लायल सँडविच आणायला गेला. तेव्हा डिलार्ड पुढे वाकला. त्याचा आवाज आता खाली आला होता.

“नऊशे. आणि तुमचे मित्र आले की त्यांना सांगायचं, आपण चुकलो. माझ्याकडे असंच अजून एक आहे. ते त्यांनी घेतलं की हे तुमचं.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर घरी जाऊन दुसरीचा फोटो घालतो. ही जाईल केरात.”

ऑरिनने विचारलं, “त्या डब्यातले बाकीचे फोटो?”

“तरुण ही एवढीच होती, काका. बाकीचे म्हातारपणचे. ते कोण घेतो? टाकले.”

लायल दोन सँडविच घेऊन परतला. एकात लोणचं जास्त, ऑरिनला आवडतं म्हणून.

“लायल, मी चुकलो,” ऑरिन म्हणाला. “उजेड नीट नव्हता. काच जुनी आहे.”

वीस वर्षांत लायलने त्याच्या तोंडून ‘मी चुकलो’ ऐकलं नव्हतं. म्हणूनच ते त्याला लगेच खरं वाटलं.

“आणि ते बायकोचं?”

ऑरिनने सँडविचचा कागद उलगडला. तो नीट उलगडायला त्याला वेळ लागला. “चेष्टा केली.”

डिलार्डने टेबलाखालून दुसरं रिव्हॉल्वर काढलं. काचेत कुरळ्या केसांची एक मुलगी होती, हनुवटीखाली हात घेऊन बसलेली. तिच्यासाठी वेगळा पोरगा होता, वेगळं बेट होतं. लायलने पूर्ण ऐकून घेतलं आणि पैसे दिले. मग ऑरिनने दिले, गोष्टीसकट सगळे.

परतताना गाडी लायल चालवत होता. त्याने आपलं रिव्हॉल्वर दोघांच्या मध्ये सीटवर, स्वतःच्या टोपीत ठेवलं होतं.

“हिचं नाव ग्लेनिस,” तो म्हणाला. “असेल का रे अजून कुठे?”

“मला वीक ते,” ऑरिन म्हणाला. “हजार देतो.”

“बघा, हावरट. एक मिळालं तेवढं पुरे की. आयुष्यात एकदा चुकलास तर जरा माझंही भलं होऊ दे.”

“बाराशे.”

“ग्लेनिसला विकू? सोड.” लायल शीळ घालू लागला.

ऑरिनने मांडीवरचं रिव्हॉल्वर उचललं. मूठ धरली की व्हर्ना त्याच्या तळहाताखाली जात होती. हात मोठा, फोटो लहान. त्याने धरायच्या दोन-तीन तऱ्हा करून पाहिल्या. शेवटी मूठ वर करून नळीला धरलं, तेव्हा ती दिसली.

“गुरुजी,” लायल म्हणाला, “नळीकडून काय धरलंय? शेंबडं पोरसुद्धा असं धरत नाही.”

गाडी मक्याच्या रिकाम्या शेतांकडे वळली तसं काचेवर ऊन आलं. आत व्हर्ना डोळे बारीक करून हसत होती. तिच्या खांद्यावरची बोटं कोणाची, असं आता कोणी विचारलं असतं, तर ती त्या बुडालेल्या पोराची होती.