डॅशबोर्डमागची टकटक

तिने वर्तमानपत्राची बोटभर पट्टी फाडली आणि गाडीतल्या एसीच्या मधल्या जाळीसमोर धरली. ब्लोअरचा खटका चारवर होता, पंखा जीव तोडून फिरत होता, पण पट्टी ढिम्म हलेना.

“गॅस संपलाय,” दाराला टेकून उभे असलेले मामा म्हणाले. ऐकताना डोळे मिटून घ्यायची त्यांची जुनी सवय. “पंखा ठणठणीत वाजतोय. गॅस भर आणि दे.”

गॅरेज मामांचं. पाना कसा धरायचा इथपासून सगळं तिला त्यांनीच शिकवलं होतं. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखणारा माणूस म्हणून लोक लांबून त्यांच्याकडे येत.

गाडी एका नर्सची होती, अठरा वर्षं वापरलेली. उद्या सकाळी ती आईला सहा तासांवरच्या भावाकडे सोडणार होती. आई नुकतीच हृदयाच्या ऑपरेशनमधून उठलेली. उकाडा सोसायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसऱ्या दोन गॅरेजांत दोनदा गॅस भरून झाला होता.

भाचीने जाळीला गाल लावला. झुळूक अगदी दुबळी, पण बर्फासारखी गार.

“मामा, हवा गार आहे. कमी आहे, एवढंच. गॅस भरून काय होणार? रोग रेड्याला आणि औषध पखालीला!”



तिने डॅशबोर्डचा कप्पा उतरवला आणि मागचा फिल्टर ओढून काढला. धुळीने आणि पाचोळ्याने तो भिजल्या गोधडीसारखा जड झाला होता. नवा बसवला, ब्लोअर लावला. पट्टी जराशी थरथरली, बस्स.

“ताई, होईल ना आज?” बाजूला थांबलेल्या नर्सने विचारलं. “नाहीतर आईला तसं सांगते.”

“काही सांगू नका. गाडी घेऊनच जा.”

तिने पट्टी पुढच्या काचेच्या बुडाशी नेली, तर ती हातातून निसटून उडालीच. म्हणजे हवा कमी नव्हती, वाट चुकली होती. तोंडावर, पायांवर की काचेवर, हे ठरवणारी आत एक झडप असते. ती अडकली असणार. तिने इंजिन आणि ब्लोअर बंद केले, नुसती चावी चालू ठेवली आणि झडपेचा खटका फिरवला. डॅशबोर्डमागून बारीक आवाज आला. टक्, टक्, टक्.

“ऐकलंत?”

“ऐकलं की.” मामांनी मिटल्या डोळ्यांनी मान डोलावली.

सवयीने चावी बंद करून ती डॅशबोर्डखाली शिरली. खांदा अडकला, हात पुरेना.

“मामा,” तिने खालूनच मोठ्याने विचारलं, “डावीकडून येत होता ना?”

“डावीकडूनच. अजून येतोय बघ.”

गाडी चिडीचूप होती.

ती तशीच वाकून बसून राहिली. परवा शेजारीच ठेवलेला फोन वाजून वाजून थांबला तरी त्यांनी उचलला नाही, तेव्हा मामा विसरभोळे झाले म्हणून ती हसली होती.

मग ती बाहेर आली, चावी पुन्हा फिरवली. टकटक सुरू झाली.

“माझा हात पोचत नाही. तुम्ही बघा,” ती म्हणाली आणि मामांचा पंजा धरून तिने डॅशबोर्डच्या कडेवर टेकवला.

मामांनी डोळे उघडले. त्यांची बोटं इंचभर खाली सरकली, थोडी डावीकडे गेली आणि एका जागी थांबली. बराच वेळ ती तिथेच होती.

“मोटरच्या चाकाचा दाता मोडलाय,” ते म्हणाले. “मोटर फिरतेय, झडप जागची हलत नाही. नवी मोटर आज मिळायची नाही. तार आण.”

पाठीवर झोपून त्यांनी झडप हाताने ओढली आणि तारेने घट्ट बांधली. अर्धा तास लागला. ब्लोअर लावताच त्यांच्या कपाळावरचे पांढरे केस उडाले. नर्स आत बसली, दोन्ही तळवे जाळ्यांसमोर धरून हसली आणि गाडी घेऊन गेली.

मामा फडक्याने हात पुसत होते. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

“दोन वर्षं झाली, बारीक आवाज येतच नाहीत,” ते म्हणाले. “तुला सांगायला जीभ रेटेना.”

ती पाठमोरी पाने गोळा करत होती. हातातले पाने तिने खाली ठेवले.

“उद्यापासून बोलताना समोर उभी राहत जा.”

जॅक ओलांडून ती त्यांच्यासमोर आली, त्यांची नजर वर येईपर्यंत थांबली आणि मगच म्हणाली, “चला, जेवून घेऊ.”