दोन सीटच्या चिंगीचा सूड

मित्रांनो, मी आता अकरा वर्षांची झाले. गाड्यांमध्ये हे म्हातारपणच समजा. माझा रंग लाल, उंची जेमतेम तुमच्या छातीपर्यंत, दारं दोन, सीट दोन आणि डोक्यावर पत्र्याऐवजी काळं कापडी छत. बटण दाबलं की ते घडी होऊन मागे जातं. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्सखाली, जांभळाच्या झाडाशेजारी माझी जागा आहे. नाव चिंगी. आणि आधीच सांगून ठेवते, मी काही गरीब स्वभावाची गाडी नाही. माझ्याशी कुणी वाईट वागलं तर ते मी विसरत नाही.

माझा जन्म दूर जपानमधल्या एका कारखान्यात झाला. जहाजात बसून मी इकडे आले आणि गुडगावच्या एका तरुण जोडप्याने मला हौसेने घेतलं. चार वर्षं नुसते लाड झाले. मग त्यांना जुळं झालं. माणसं चार आणि सीट दोन! त्यांनी मला विकायला काढलं. मला फार वाईट वाटलं, पण त्यांचंही काही चुकलं नव्हतं, म्हणून त्यांच्यावर माझा राग नाही.

मला विकत घेतलं अलकनंदाबाईंनी. त्या केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी आहेत. तेव्हा त्यांचं वय पन्नास होतं. मी दारात आले त्या दिवशी घरात केवढा गहजब झाला! त्यांचे यजमान सुधन्वाराव कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं अलका, ही काय गाडी म्हणायची? पाहुणे आले तर बसणार कुठे?"

"म्हणूनच घेतली," बाई म्हणाल्या.

त्याचं असं होतं मित्रांनो, की दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाकडे मे महिन्यात आणि दिवाळीत सगळं गणगोत लोटतं आणि प्रत्येकाला आग्रा बघायचं असतं. सुधन्वारावांना गाडी चालवायची धास्ती. त्यामुळे लग्न झाल्यापासून घरच्या मोठ्या गाडीत पाहुणे कोंबून बाईच आग्र्याला जात. असं त्या एकवीस वेळा गेल्या होत्या! ताजमहाल म्हटलं की त्या कानांवर हात ठेवायच्या. ती गाडी विकून त्यांनी मला आणलं आणि आग्रा बंद झालं. "काय करू हो, दोनच सीट आहेत," असं त्या फोनवर इतक्या गोड आवाजात सांगायच्या की मला गुदगुल्या व्हायच्या.

ती सहा-सात वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. रविवारी सकाळी बाई डोक्याला रुमाल बांधून निघायच्या. थंडीत छत उघडं, पायाशी हीटर चालू आणि शेजारच्या सीटवर भुईमुगाच्या शेंगांची पुडी. सिग्नलला बसमधली माणसं खिडकीतून वाकून आमच्याकडे बघायची. बाई स्वतः फडक्याने मला पुसायच्या आणि म्हणायच्या, "चिंगे, तू आहेस म्हणून मी आहे गं." खरं सांगते, माझंही त्यांच्यावाचून पान हलत नव्हतं.

आता त्या माणसाचं नाव घेते. यतीन! बाईंचा धाकटा दीर, राहायला गाझियाबादला. मी आले तेव्हा हाच सगळ्यात मोठ्याने हसला होता. "वहिनी, ये तो खिलौना है यार!" असं म्हणाला होता. आणि गेल्या मे महिन्यात हाच दात काढत दारात उभा. "वहिनी, चिंगीला एक दिवस देता का? मित्रांना जरा फिरवतो."

बाईंचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली होती, नवा चष्माही आला होता. त्या मनाने मोकळ्या. त्यांनी किल्ली दिली.

त्या रविवारी काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणजे माझ्या दोन्ही दिव्यांनी. हा पठ्ठ्या आपल्या सोसायटीत सगळ्यांना सांगत सुटला, "अपनी है. अभी ली है." एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात मोबाइल, स्वतःचाच व्हिडिओ काढतोय! आणि धाडकन मला गेटच्या खांबावर नेऊन आपटलं. माझा पुढचा बंपर डावीकडून फाटला आणि लोंबायला लागला. मी कळवळले. त्याने खाली उतरून पाहिलं, इकडेतिकडे नजर टाकली आणि घाईघाईने मला दिल्लीकडे पिटाळलं.

वाटेत त्याला भीती वाटली की ओळखीचं कुणी बघेल. त्याने छत लावायचं बटण दाबलं. मी छत घट्ट आवळून धरलं. त्याने पुन्हा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. अरे हट्! मी काय ऐकते? मेच्या उन्हात त्याचं टक्कल चकाकत राहिलं. वैतागून त्याने एक लाल सिग्नल तोडला. वर खांबावर कॅमेरा होता. तो मला दिसला, त्याला नाही.

घरी येऊन त्याने मला नाक भिंतीला टेकवून उभं केलं, वर जाऊन किल्ली दिली, चहा प्यायला आणि मेट्रोने निघून गेला. बंपरबद्दल चकार शब्द नाही.

सोमवारी सकाळी बाई ऑफिसच्या गडबडीत होत्या. त्यांनी बटण दाबताच मी छत लगेच लावलं; मग मला मागे घेऊन त्या निघाल्या. माझं नाक त्यांनी पाहिलंच नाही. संध्याकाळी सुधन्वारावांनी पाहिलं. "अलका, हे काय? कुठे ठोकलीस?"

"मी? मी नाही ठोकली."

यतीनला फोन लावला. तो स्पीकरवर काय बोलला माहीत आहे? "दादा, मी दिली तेव्हा बिल्कुल ठीक होती. वहिनींच्या डोळ्यांचं आत्ताच झालंय ना? लागलं असेल कुठे, कळलं नसेल."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या चारही चाकांनी त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं मला! पण तो होता गाझियाबादला.

सुधन्वारावांनी त्याच दिवशी किल्ली कपाटात टाकून कुलूप लावलं. "आजपासून ड्रायव्हिंग बंद. उद्या एखादं माणूस आलं पुढे, म्हणजे?" बाई सुरुवातीला भांडल्या. मग ऑफिसला मेट्रोने जाऊ लागल्या. माझ्या छतावर जांभळं पडून डाग पडले, एक मांजर तर कायमची राहायलाच आली. पण त्याचं मला काही नाही. एका संध्याकाळी बाई माझ्याजवळ आल्या, फाटक्या बंपरवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चिंगे, मीच ठोकलं असेल का गं? मला आठवतच नाही. माझ्यावरच विश्वास राहिला नाही आता."

मी दात-ओठ खात उभी राहिले. मला खांबावर आपटलं ते मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण माझ्या बाईंना स्वतःच्या डोळ्यांची भीती घातली, ते सोडणार नव्हते.

तीन आठवड्यांनी यतीन स्वतः एक गिऱ्हाईक घेऊन आला. फरीदाबादचे विष्णूजी, जुन्या गाड्या घेणारे. सुधन्वारावांनी मला विकायचं पक्कं केलं होतं. बाई जिन्यात उभ्या होत्या, चेहरा उतरलेला. विष्णूजींनी मला चहूबाजूंनी पाहिलं आणि मोबाइल काढला. "पहले चालान देख लूँ. चालान बाकी हो तो गाड़ी नाम पे नहीं चढ़ती. भाभीजी, आपके फोन पे ओटीपी आएगा."

"चालान?" बाई म्हणाल्या. "दंड भरा म्हणून एक मेसेज आला होता मध्ये. पण हे म्हणतात तसले मेसेज फ्रॉड असतात, बोट लावायचं नाही. मी पुसून टाकला."

त्यांनी ओटीपी सांगितला. विष्णूजींनी चष्मा कपाळावर सारला, स्क्रीन जवळ धरला आणि मान वर करून यतीनकडे पाहिलं. पुन्हा स्क्रीनकडे, पुन्हा यतीनकडे.

"भाईसाहब, ये तो आप हो!"

मित्रांनो, छत असलेल्या गाडीत काचेआड माणूस ओळखू येत नाही. मी तर पार उघडी होते! फोटोत टक्कल, मिशा, गळ्यातली सोन्याची चेन, सगळं लख्ख होतं. वर तारीख, वार रविवार, वेळ दुपारी चार वाजून चाळीस मिनिटं. आणि खाली लोंबणारा माझा बंपर.

बाईंनी फोन हातात घेतला आणि फोटो बोटांनी मोठा केला.  मग तिथेच पायरीवर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. "मी नव्हते. अहो, मी नव्हतेच!"

"वहिनी, ते कॅमेऱ्याचं काय असतं ना..." यतीन चाचरायला लागला.

"तू गप्प बस." बाई उठल्या आणि सुधन्वारावांसमोर उभ्या राहिल्या. "तीन आठवडे मला रोज विचारलंत, तुला नीट दिसतं का म्हणून. त्याला एकदा तरी विचारलंत?"

 सुधन्वारावांनी वर जाऊन कपाटातली किल्ली आणली. विष्णूजींनी हात जोडले. "भाभीजी, हमें नहीं चाहिए. गाड़ी आप ही रखो." आणि ते गेले.

बाईंनी किल्ली फिरवली. माझे दिवे मिणमिणले, पण बॅटरी उतरली होती.

"धक्का मारा," बाई म्हणाल्या. "दोघंही."

भर दुपारी, घामाने थबथबून ते दोघे भाऊ मला ढकलत निघाले. पहिल्या वळणावर मी सुरू व्हायला अगदी तयार होते, पण झाले नाही. बायका बाल्कनीत आल्या, भाजीवाला गाडा थांबवून बघत राहिला. दूधकेंद्र गेलं, शाळेचं फाटक गेलं. "वहिनी, होत का नाहीये चालू?" यतीन धापा टाकत ओरडला. "जोर कमी पडतोय रे," बाई म्हणाल्या. त्यांचा डावा पाय क्लचवर घट्ट दाबलेला होता, हे फक्त मला ठाऊक. संपूर्ण सेक्टरची फेरी झाली, तेव्हा कुठे त्यांनी तो सोडला आणि मी सुरू झाले.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. दुसऱ्याची वस्तू वापरायला नेलीत आणि तिला काही झालं, तर परत देताना तोंडाने सांगा. मला बोलता येत नाही असं यतीनलाही वाटलं होतं. बंपर अजून तसाच फाटका आहे. बाई तो बदलू देत नाहीत. दर रविवारी आम्ही छत उघडून गाझियाबादला जातो, त्याच्या सोसायटीच्या गेटसमोर उभ्या राहतो आणि एकदा लांबलचक हॉर्न वाजवून परत येतो.