छापील भाव

“साबण संपलाय ना? फोनवरून मागवते. दहा मिनिटांत येईल,” मुलगी म्हणाली.

“नको. मी आणतो.” त्यांनी पिशवी झटकली.

“अहो बाबा, तुम्हीच शेअर घेतलेत ना त्या कंपनीचे?”

“म्हणून तर. खरेदीपेक्षा कमी भावात देते, वर घरपोच. वडीमागे तिला तोटा. माझ्याच पैशाला मी भोक पाडू?”

“भोक कसलं, भगदाड पडलंय,” खाटेवर गुडघे चोळत आई म्हणाली.

एकतीस वर्षं त्यांनी किराणा दुकान चालवलं. ती कंपनी आली आणि दोन वर्षांत गिऱ्हाईक पांगलं. दुकान विकून आलेली रक्कम दोघांच्या म्हातारपणाची होती, आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनची होती. शेअर दलालाने नेमका त्याच कंपनीचा आलेख पुढे ठेवला.

“काका, विक्री दरवर्षी दुप्पट!”

“आणि उरतं किती?”

“उरण्याचं मागाहून बघतात हो. आधी वाढ.”

त्यांनी तीनदा विचारलं. तीनदा तेच उत्तर. मग घरी येऊन पडल्या पडल्या त्यांच्या मनात आलं, जन्मभर हाच प्रश्न विचारणारा मी दुकान विकून बसलो, आणि तो कधीच न विचारणारी ही कंपनी माझं गिऱ्हाईक घेऊन गेली. शहाणं कोण? दुसऱ्या दिवशी सगळी रक्कम त्यांनी त्या शेअरमध्ये घातली.

विक्री खरंच दुप्पट झाली. तोटा तिप्पट. पुढे मोठमोठे गुंतवणूकदारही विचारू लागले, उरतं किती? शेअर कोसळून शंभराचे नऊ झाले.

“आहेत तेवढे तरी विकून टाकू, बाबा.”

“त्यात एक गुडघासुद्धा होणार नाही,” आई म्हणाली आणि एकटीच हसली.

ते निघाले. त्यांच्या जुन्या दुकानात आता कंपनीचं गोदाम होतं. दारात मोटरसायकली खोळंबल्या होत्या. तिकडे न बघता ते पुढे गेले. पुलापलीकडे एकच दुकान तग धरून होतं.

“या काका. तुमच्याकडून कसला नफा घ्यायचा? खरेदीभावात न्या.”

“छापील भाव घे,” ते एकदम चढ्या आवाजात म्हणाले. मग खाली बघत, “तुला उरलं पाहिजे.”

घरी आल्यावर मोरीत त्यांनी झिजून कागदासारखी झालेली जुनी वडी ओली केली, नव्या वडीवर ठेवली आणि चिकटेपर्यंत अंगठ्याने दाबून धरली. बाहेर खाट करकरली. आई उठायला बघत होती. ते वळले नाहीत.