त्रेचाळीस घरांची तार

पैसा खर्च न करण्यासाठी माझा भाऊ मुगुर जेवढं डोकं चालवायचा, तेवढ्या डोक्यात दुसरा कुणी डॉक्टर झाला असता. दुकानातून नवी वस्तू घेणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा, हे त्याचं ठाम मत. "दोन वर्षं थांब, ताई," तो म्हणायचा. "आज जे काचेच्या कपाटात आहे ते परवा कचऱ्याच्या पेटीशेजारी सापडतं." आणि सापडायचंही. आमचा टीव्ही म्हणजे एका बँकेनं फेकून दिलेला कॉम्प्युटरचा पडदा होता. आवाज यायचा आजोबांच्या रेडिओच्या लाकडी खोक्यातून, कारण त्यात त्यानं भंगारातल्या गाडीचे स्पीकर बसवले होते. सिनेमा लागला की कपाटातल्या बशा वाजायच्या.

नेटवर्क हाही त्याच काटकसरीचा प्रकार. इंटरनेटचं एकच कनेक्शन घ्यायचं आणि सगळ्यांनी वाटून वापरायचं. सैन्याच्या भंगारातली टेलिफोनची तार आणायची, गच्चीवरून समोरच्या गच्चीपर्यंत पोलादी तार ताणायची आणि तिला ती बांधून टाकायची. खाली पॉप्लरची झाडं, वर आमची तार. तीन इमारती, त्रेचाळीस घरं. एकानं सिनेमाची डिस्क आणली की संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी तो पाहिलेला असायचा. केबलवाल्याला महिन्याला जे द्यावं लागायचं, त्यात आमच्याकडे अख्खं वर्ष निघायचं. फुकट ते पौष्टिक हे रोमानियातल्या आमच्या गालात्स शहरात कुणाला शिकवावं लागत नाही.

मला त्या सिनेमांचं काही कौतुक नव्हतं. मला मुगुर घरात हवा होता. त्याच्या वर्गातली सगळी मुलं स्पेनला नाहीतर इटलीला गेली होती, कुणी टोमॅटो तोडायला, कुणी विटा उचलायला. आई वारली तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि मी एकवीसची. पोलादाच्या कारखान्यात मी इलेक्ट्रिशियन होते, मग कारखान्यानं आम्हा सगळ्यांना घरी बसवलं. तोही गेला असता तर नवव्या मजल्यावर मी आणि फ्रिज एवढंच उरलं असतं. "नेटवर्क चालतंय तोवर मी कुठे जात नाही," असं त्यानं मला सांगितलं होतं, आणि मी ते वाक्य धरून बसले होते.

मग ऑक्टाव आला. कारखान्यात तो माझ्याच पाळीला इलेक्ट्रिशियन होता. आता त्याची व्हॅन होती, हमरस्त्यापलीकडे इंटरनेट कंपनीचं ऑफिस होतं आणि त्याला सगळी वस्ती आपल्या नेटवर्कमध्ये हवी होती. पहिल्यांदा आला तो केक घेऊन.

"विकून टाका," तो म्हणाला. "मुगुरला मी नोकरीवर ठेवतो. नाहीतरी ही सुतळी किती दिवस टिकणार?"

"तुझ्या माणसांनी हात लावला नाही तर खूप दिवस टिकेल," मुगुर म्हणाला आणि केकचा मोठा तुकडा तोंडात घातला.

पुढच्याच आठवड्यात तार कापली गेली. आम्ही जोडली, त्यांनी कापली. तिसऱ्या वेळी त्यांनी कापली नाही, तिच्यात घरातली वीज सोडली. एका संध्याकाळी अकरा कॉम्प्युटर जळाले. चौथ्या मजल्यावरच्या पनाइत काकांच्या मशीनमधून धूर निघाला आणि त्यात त्यांच्या वारलेल्या मुलीच्या लग्नाची एकुलती एक चित्रफीत होती. म्हातारा रडला नाही. जळका डबा दोन्ही हातांत धरून वर आला आणि म्हणाला, "मुगुर, यातनं काही निघेल का बघ बाळा." काही निघालं नाही.

मुगुर पोलिसांत गेला. तिथल्या माणसानं विचारलं, गच्चीवर तार टाकायचा परवाना आहे का? झालं.

त्यानंतर चार दिवसांनी दोन माणसांनी मुगुरला लिफ्टच्या दारात गाठलं. मी भाजी घेऊन येत होते. एकानं त्याला भिंतीशी दाबलं होतं आणि दुसरा बॅटनं त्याच्या उजव्या हातावर मारत होता, शांतपणे, गालिचा झोडपावा तसा. हाड मोडल्याचा आवाज मला दारातून ऐकू आला. मी पिशवीसकट बॅटवाल्याच्या अंगावर धावले. त्यानं मला कोपरानं मारलं, माझा दात ओठातून आरपार गेला. ऑक्टाव बाहेर व्हॅनला टेकून उभा होता.

"स्मरांदा, तू यात नको पडूस," तो म्हणाला. "पुढच्या वेळी हात नसेल, मान असेल. समजाव त्याला."

मी तोंडातलं रक्त थुंकलं. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळाचा दीड हात लांब तुकडा घेऊन मी त्याच्या ऑफिसात गेले. काउंटर फोडलं, तीन पडदे फोडले, ज्यानं बॅट चालवली होती त्याच्या गुडघ्यावर एक घातला. तो खाली बसला तेव्हा त्याच्या खांद्यावर दुसरा घातला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मला बाहेर काढायला चौघे लागले.

घरी आले तर मुगुर प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसला होता. "ताई, माझ्या वर्गातल्या कोस्तीचा फोन आला होता. तिकडे स्पेनमध्ये कास्तेयोनला फरशीचा कारखाना आहे, जागा आहे म्हणाला. हात बरा झाला की जाईन म्हणतो."

"आणि नेटवर्क?"

"कसलं नेटवर्क? ते पुन्हा कापणार, मी पुन्हा जोडणार आणि एक दिवस ते मला कापणार. सिनेमे बघण्यासाठी कुणी मरतं का?"

मला त्याचं सगळं पटलं आणि तरीही मी त्याच रात्री सापळा लावला.

आमच्या जिन्याला खिडक्या नाहीत. भर दुपारीही काळोख असतो, म्हणून प्रत्येक मजल्यावर बटण आहे. दाबलं की दहाही मजल्यांवर दिवा लागतो आणि तीन मिनिटांनी, यंत्र जुनं असल्यानं कधी त्याआधीच, आपोआप विझतो. तेवढीच वीज वाचते. गच्चीवर जायचं तर दहाव्या मजल्यावरच्या लोखंडी शिडीनं जावं लागतं आणि दिव्याशिवाय ती शिडी दिसत नाही. म्हणजे जो तार कापायला येईल तो बटण दाबणारच. मी त्या दिव्याच्या लायनीतून वीज घेतली आणि गच्चीवरच्या पोलादी तारेला जोडली. जोडणी भिंतीत घातली, वरून गिलावा केला, रंगही लावला. कुणाच्या बापाला दिसलं नसतं. चोर स्वतःच्या बोटानं करंट सुरू करणार, झटका खाणार आणि पुन्हा यायचं नाव काढणार नाही. झटका, एवढंच मी स्वतःला सांगितलं. अकरा वर्षं मी कारखान्यात हे काम केलं होतं. गच्चीच्या कठड्यावरून आकाशातली वीज जमिनीत नेणारी धातूची पट्टी गेलेली आहे, तार कापणारा माणूस तोल सांभाळायला ती पट्टीच धरतो आणि मग झटका एवढ्यावर थांबत नाही, हे मला माहीत होतं.

मुगुरला मी सांगितलं नाही. त्याला शिडी चढायची मनाई होती आणि वर दुसरं कुणी जात नसे.

रविवारी दुपारी ऑक्टाव स्वतः आला. माणसांनी नकार दिला असेल किंवा फोडलेल्या काउंटरचा राग असेल. लिफ्टनं वर आला आणि तो जुना इलेक्ट्रिशियन, त्यानं दिवा लावलाच नाही. खिशातली टॉर्च लावून शिडी चढला. नंतर गच्चीवर त्याचा टेस्टर सापडला, म्हणजे त्यानं तार तपासलीही होती. तेव्हा तारेत काही नव्हतं. मग त्यानं पक्कड लावली आणि त्याच वेळी खाली चर्चहून कुणीतरी परत आलं आणि तळमजल्यावरचं बटण दाबलं.

एका मजल्याचं बटण ते सगळ्या मजल्यांचं बटण. वर येणाऱ्या माणसाचा विचार करताना खालच्या दहा मजल्यांवर माणसं राहतात हेच मी विसरले होते.

ओरडणं असं म्हणता येणार नाही असा आवाज वरून आला. आम्ही जेवत होतो. मुगुर माझ्या आधी उठला आणि दोन मजले कसा चढला कळलं नाही. मी शिडीवरून डोकं बाहेर काढलं तेव्हा ऑक्टाव कठड्याशी गुडघ्यांवर होता. एक मूठ तारेवर, दुसरी पट्टीवर, दोन्ही बंद. त्याचं सगळं अंग थरथरत होतं, दात दातांवर आपटत होते आणि तळव्यातून धूर येत होता. डोळे उघडे होते. मुगुर त्याच्याकडे हात पुढे करून धावला.

"हात लावू नकोस त्याला," मी ओरडले. "करंट आहे. लाकूड बघ काहीतरी."

मुगुर थांबला. त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. त्याला तेव्हाच कळलं.

गच्चीवर डांबर आणि खडी, लाकडाचा ढलपा नाही. जोडणी मीच गिलाव्याखाली पुरलेली. उरला तळमजल्यावरचा फ्यूज. लिफ्ट खाली गेली होती, मी जिन्यानं धावत सुटले. तीन मिनिटं होत आलीच असतील, दिवा विझला की सुटेल तो, असं म्हणत मी उतरत होते. सातव्या मजल्यावर इमारतीच्या चाव्या सांभाळणाऱ्या अग्लाया काकू दार उघडून बाहेर आल्या. "काय गं झालं वर?" असं म्हणत त्यांनी दिवा विझेल या भीतीनं आधी बटण दाबलं. पुन्हा तीन मिनिटं.

त्यांना सांगायला हवं होतं. मी त्यांच्या अंगावरून तशीच पुढे गेले. सांगितलं असतं तर अख्ख्या जिन्याला कळलं असतं की सापळा कुणाचा. सहाव्या मजल्यावरही कुणीतरी दाबलं, पाचव्यावर दोन पोरं बाहेर आली, त्यांनीही दाबलं. प्रत्येक जण मदतीला निघाला होता. मी गप्प होते, आणि वरचा आवाज आता बारीक होत चालला होता.

चौथ्या मजल्यावर पनाइत काका बनियनवर उभे होते. तिथे माझं तोंड उघडलं.

"दाबू नका कुणी. दिव्याच्या लायनीत करंट आहे, वर ऑक्टाव चिकटलाय. कुणी बटण दाबू नका."

वरच्या मजल्यांवरचे पाय थांबले. पनाइत काका माझ्याकडे बघत होते, त्यांचं बोट बटणाच्या शेजारी भिंतीवर होतं. मी पायऱ्या उतरले, वळणावर आले आणि दिवा विझला, या वेळी तीन मिनिटांच्या आधीच. काळोखात मी कठडा चाचपला. मग माझ्या मागे खट्‌ असा आवाज झाला आणि दिवा परत लागला.

तळमजल्यावरच्या पेटीचं कुलूप मी अग्निशामक नळाच्या पितळी तोटीनं फोडलं आणि फ्यूज उपटून काढला. वर पोचले तेव्हा ऑक्टाव उताणा पडला होता. मुगुर डाव्या हातानं त्याची छाती दाबत होता, दाबतच होता. ऑक्टाव संपला होता. मी मुगुरला उठवायला गेले, तर त्यानं माझा हात झटकला.

पोलीस येईपर्यंत तासभर गेला. तेवढ्यात मी गिलावा फोडला, जोडणी काढली, भोक बुजवलं. मुगुर शिडीच्या पायाशी बसून बघत होता. पोलिसांनी घरोघर विचारलं. त्रेचाळीस घरांपैकी एकानंही काही ऐकलं नव्हतं. तार चोरायला आलेला माणूस, जुनी इमारत, कुठेतरी वीज उतरली असेल. कागद मिटला.

दोन दिवसांनी पनाइत काकांनी मला जिन्यात थांबवलं.

"काका, तुम्ही ऐकलं होतंत," मी म्हणाले.

"माझे गुडघे दुखतात गं. काळोखात पाय चुकला असता." त्यांनी डोळे खाली वळवले नाहीत. "बरं, नेटवर्क कधी सुरू करतेस? बायका विचारतायत. आता कापणारं तर कुणी नाही."

मी घरी आले तर मुगुर एका हातानं बॅग भरत होता. रेडिओचं खोकं, पडदा, सगळं जागच्या जागी होतं, त्यातलं त्यानं काहीच घेतलं नव्हतं. मी म्हटलं, आता कुणी त्रास देणार नाही. मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं सगळं. तो पट्टा ओढत राहिला.

"तो माझ्याकडे बघत होता, ताई, सगळा वेळ. मला तू लगेच ओरडून सांगितलंस, हात लावू नकोस म्हणून. जिन्यात लोकांना कितव्या मजल्यावर सांगितलंस?"

"चौथ्या."

त्यानं बॅग खाली ठेवली आणि डाव्या हाताच्या बोटांवर मोजलं. नऊ, आठ, सात, सहा, पाच. पाचही बोटं संपली. मग त्यानं बॅग उचलली. कास्तेयोनची बस सकाळी साडेसहाची होती, आणि स्टँडवर येऊ नकोस असं तो मला म्हणाला.