गाडी उगाच ओरडते

वाचनालयात ग्रंथपाल बाईंचा दरारा असा, की खुर्ची सरकवण्याआधी लोक काउंटरकडे बघून घ्यायचे. बाई कुणावर ओरडत नसत. चष्म्यावरून नुसतं बघत, आणि तेवढ्यानं समोरच्याचा खोकलासुद्धा घशातच विरायचा. अशा बाईंच्याच गाडीनं भर दुपारी वाचनालयाच्या दारात बोंब ठोकली, तेव्हा वाचकांना काय गुदगुल्या झाल्या असतील ते सांगायला नको.

आधी बाईंनी कपाळाला आठ्या घालून खिडकीबाहेर पाहिलं. कुणाची ही बेशिस्त गाडी? मग आपलीच निळी गाडी दिवे मिचकावत केकाटताना दिसली आणि त्यांचे कान तापले. पर्स काउंटरवर उपडी झाली, चष्म्याचं घर एकीकडे, कंगवा एकीकडे, शेवटी किल्ली हाती आली. बटण दाबलं. गाडी गप्प.

वाचनकक्षातली सगळी डोकी वर झाली होती. कोपऱ्यात रोज पेपर वाचायला येणारे एक उंचेपुरे काका होते. पेपर फडफडवतात म्हणून बाईंनी त्यांना किती वेळा टोकलं होतं, त्याला सुमार नव्हता. काकांनी गंभीर चेहऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "शूऽऽ!"

अख्खी खोली फिसकन हसली. बाईंनाही हसू फुटलं, पण त्या चटकन खाली वाकून पर्समधलं सामान गोळा करू लागल्या.

एकदा झालं असतं तर कुणी लक्षात ठेवलं नसतं. पण गाडीला जणू चटकच लागली. दुसऱ्या दिवशी वाजली, तिसऱ्या दिवशीही वाजली. आजूबाजूला चिटपाखरू नसायचं आणि ही आपली गळा काढून मोकळी.

बाईंचे यजमान बेकरी चालवायचे. संध्याकाळी टेबलाशी बसून, कोपरापर्यंत लागलेलं पीठ झटकत ते म्हणाले, "अगं, किल्लीतला सेल गेला असेल."

सेल बदलला. गाडी वाजली.

"मग गाडीची बॅटरी."

बाईंनी गाडी गॅरेजमध्ये नेऊन दिली. मेकॅनिकनं ती दिवसभर शेडमध्ये ठेवून घेतली आणि संध्याकाळी किल्ली परत देत म्हणाला, "बाई, गुणी गाडी आहे हो तुमची. दिवसभर हूं नाही की चूं नाही."

"अहो, मग माझ्याकडेच का अंगात येतं तिच्या?"

मेकॅनिकनं हात पुसले. "दार नीट लागलं नाही, बॉनेटचं बटण बिघडलं, बॅटरी उतरली, नाहीतर गाडीच्या आत काही हललं, की अलार्म वाजतो. दारं, बॉनेट, बॅटरी सगळं तपासलंय. ठणठणीत आहे."

"आत कोण हलणार? मी तर बाहेर असते."

"ते आता तुम्हीच बघा," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं.

बाईंनी ठरवलं, बघायचंच. एखादं पुस्तक भलत्या जागी गेलं की त्या आदळआपट करत नसत. कपाटासमोर उभ्या राहायच्या आणि सापडेपर्यंत एकेक कप्पा नजरेखालून घालायच्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या डबा घेऊन बाहेरच्या पायरीवर, गाडीसमोर जाऊन बसल्या.

थोड्या वेळानं काकाही बाहेर आले.

"पेपर संपला?" बाईंनी विचारलं.

"पेपरात काय आहे? खरी बातमी तर इथं उभी आहे," गाडीकडे हनुवटी करत काका म्हणाले. "बसू का?"

बाईंनी डबा बाजूला सरकवून जागा केली. यजमानांनी दिलेल्या पावाचा अर्धा तुकडा काकांपुढे धरला. काकांनी आढेवेढे घेतले नाहीत. खाता खाता ते सांगू लागले, की ते फुटबॉलचे पंच होते. "जन्मभर शिट्टी फुंकली आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. तुमच्याकडं येतो ते कानांना विसावा म्हणून."

"आणि मी तुम्हालाच बोलत बसले!"

"चालायचंच. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना बोललो."

ऊन चांगलंच तापलं होतं. गाडी आतून भट्टी होऊ नये म्हणून बाई इथे दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली ठेवत. घरी गाडी आडोशाला असायची, तिथे त्याची गरज पडत नसे. समोरच्या आरशाला लोकरीचा एक केशरी मासा लटकत होता. यजमानांच्या धाकट्या बहिणीनं तो नुकताच विणून पाठवला होता आणि यजमानांनी मोठ्या हौसेनं तिथे टांगला होता.

गल्लीच्या टोकाकडून वाऱ्याची झुळूक आली. माशाची शेपटी हलली. मग अख्खा मासा झोके घेऊ लागला आणि गाडीनं टाहो फोडला.

"फाउल!" काका ताडकन उठले. "बाई, मासा! माझ्या डोळ्यांदेखत!"

"मीही पाहिलं," बाई म्हणाल्या आणि किल्लीसाठी धावल्या. त्यांना मेकॅनिकचं बोलणं आठवलं. आत हलणारा हाच! गाडीला वाटायचं, चोर शिरला.

पण बाई अंदाजावर विसंबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मासा काढून हातात घेतला, काचा तशाच ठेवल्या, गाडी लॉक केली. वारा आला नि गेला. गाडी मुकाट. मग मासा टांगून काचा पूर्ण वर केल्या. तरी मुकाट. शेवटी मासा तसाच टांगलेला ठेवून काचाही खाली घेतल्या. वारा नेमका पडला होता, म्हणून काकांनी आतून पेपर आणला आणि फटीपाशी धरून मनसोक्त फडफडवला. मासा डुलला. गाडी किंचाळली.

वाचनालयाच्या खिडक्यांत माणसं दाटली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी गाडी गप्प केली आणि, स्वतःचाही विश्वास बसला नसता, खिडक्यांकडे बघून लवून मानवंदना दिली.

"अहो, चोर सापडला," घरी पाऊल टाकताच त्या म्हणाल्या. "तुमचा मासा!"

यजमानांचा चेहरा उतरला. "काढायचा म्हणतेस? छोटीनं इतक्या मायेनं केलाय..."

"अर्धा गुन्हा माझ्या काचांचा आहे. थांबा, तिलाच विचारू."

फोनवर सगळं ऐकून नणंदबाई हसता हसता ठसक्यानं बेजार झाल्या. "वहिनी, त्याला घरातच ठेव. गाडीसाठी मी दुसरा विणते. उशीएवढा लठ्ठ! मागच्या सीटवर लोळत पडेल, वादळ आलं तरी हलायचा नाही."

तो लठ्ठ मासा आला आणि मागच्या सीटवर ऐसपैस पसरला. गाडी पुन्हा म्हणून वाजली नाही. पायरीवरचं जेवण मात्र सुरूच राहिलं. बाई पाव जरा जास्तच आणू लागल्या. एका दुपारी काकांनी डब्याची झाकणं आणि पावाचे तुकडे पायरीवर मांडून ऑफसाइड समजावून सांगायला घेतलं. बाईंना खेळात कधी गोडी नव्हती. तरी त्या पुढे वाकून बघत होत्या.

"म्हणजे हा तुकडा चेंडूची वाट न बघताच पुढं पळाला?"

"बरोब्बर! आणि त्याच्यापुढं गोलकीपर सोडून कुणीच नाही. मग मी काय करायचं?"

"शिट्टी!" बाई इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, की रस्त्यानं जाणाऱ्या एका माणसानं वळून पाहिलं.

सुट्टी संपत आली होती. काकांनी आगाऊ तुकडा उचलून तोंडात टाकला आणि खेळ पहिल्यापासून मांडला.