वाडीची एक तार

आमच्या नंदाखाल गावच्या वाडीत घरं पाच आणि इंटरनेटची तार एक. हा माझा हुकूम. एका विहिरीवर पाच घरं जगली, मग तारेला काय काटे आलेत?

सून डायना तेव्हाच म्हणाली होती, "आई, आपल्या धंद्याचा मेल सर्व्हर ह्याच तारेवर आहे. एका घरातनं घाण सुटली तर बदनामी सगळ्या तारेची."

"चार बुकं जास्त शिकलीस म्हणून घरं तोडू नकोस," मी म्हटलं.

आणि ह्या सोमवारी दुबईच्या गिऱ्हाइकाकडून आमची मेल दारातूनच परत आली. डायनाने सांगितलं, तिकडचा सर्व्हर आधी काळ्या यादीत बघतो, मेल कुठल्या तारेवरून आली. आमची तार त्या यादीत. वाडीतलं कुठलंतरी यंत्र जगभर कचरा मेल पाठवत होतं.

सुकेळ्यांच्या, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांच्या, पेट्या बंदरात पोचलेल्या. मालाचे कागद गिऱ्हाइकाकडे शुक्रवारपर्यंत गेले नाहीत, तर बोट आम्हाला सोडून जाणार आणि हंगामाची सुकेळी बंदराच्या गोदामात काळी पडणार. गिऱ्हाईक कागद घेणार तेही फक्त आमच्या कंपनीच्या मेलने.

"मग त्याला सांग, आम्हाला ओळखीच्यांच्या यादीत घाल."

"फोन केला, आई. म्हणतात, तसं मेलने कळवा."

"मेल्यांनो!" मी म्हटलं. "मग त्या काळ्या यादीवाल्यांना सांग नाव काढायला."

"आधी घाण करणारं यंत्र शोधू द्या."

"आधी नाव काढ!"

तिने अर्ज केला. नाव निघालं, आणि दिवेलागणीला परत चढलं. आता आठवडाभर दुसरा अर्ज घेत नाहीत म्हणे.

मग चोर मीच ठरवला. धाकटा दीर ॲन्सेल्म. त्याची पोरं सदा मोबाइलला चिकटलेली. कोयता घेतला आणि त्याच्या घराकडे जाणारी तार तोडली.

"वहिनी, पुरावा काय?" तो अंगणातून ओरडला.

"मी सांगते, हाच पुरावा."

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःची वेगळी तार आणली. आमच्या तारेवरून कचरा सुटतच होता. डायना एकेक यंत्र बंद करत शेवटी माझ्या खोलीत आली. टीव्हीखालची फुकट सिनेमे दाखवणारी डबी, मी तुळिंजच्या बाजारात घासाघीस करून घेतलेली, तिने उपटली. कचरा थांबला.

"आता काय?"

"आपल्या तारेचं नाव अजून आठवडाभर यादीतच राहणार. ॲन्सेल्मकाकांची तार स्वच्छ आहे. त्यांनी आपला सर्व्हर तिला जोडू दिला तर आज कागद जातील."

मी त्याच्या ओटीपाशी गेले. तो झोपाळ्यावरून उठला नाही. बाजूच्या घरांच्या खिडक्या एकेक उघडल्या.

"सापडलं का वहिनी, यंत्र?"

"सापडलं. टीव्हीची डबी."

"कुणाची?"

माझ्यामागे डायना सर्व्हर पोटाशी धरून उभी होती.

"माझी," मी म्हटलं. "आता तार देतोस, की आणखी मोठ्याने सांगू?"

"आणखी मोठ्याने," तो म्हणाला.

मी सांगितलं.